कोंबड्यांची वेळ, वाफ्यांची वेळ

परड्यात कोंबड्याही आहेत आणि भाजीही आहे म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला. "मग कोंबड्या सगळं उकरून टाकत नाहीत होय?" टाकतात. दिवसभर मोकळी सोडलेली कोंबडी मेथीचा अख्खा वाफा पालथा करते आणि त्यात तिचा काही दोष नाही. उकरणं हेच तिचं पोट भरायचं साधन. भुसभुशीत, ओलसर, नुकतंच बी टाकलेली माती तिला सगळ्यात आधी दिसणार.

आमचं परडं गडहिंग्लजमध्ये, जुन्या कौलारू घराच्या पाठीमागे. रुंदी १५ फूट, लांबी ४०. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जरासं जास्त. त्यातच धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, एक शेवगा, एक कढीपत्ता आणि सांडपाण्यावर पोसलेला अळू. एवढ्या जागेत मधोमध कुंपण घालून निम्मं कोंबड्यांना आणि निम्मं भाजीला दिलं, तर दोघांचंही भागत नाही. कोंबड्यांच्या वाट्याचा तुकडा महिनाभरात उघडा, टणक आणि घाणेरडा होतो; भाजीच्या तुकड्यात किडी माजतात. म्हणून आम्ही जागा वाटलीच नाही, वेळा वाटून दिल्या. कोणत्या वाफ्यात कोंबड्या कधी जाणार, किती दिवस राहणार आणि त्यांच्यामागून तिथे काय लावायचं, हे ठरलेलं असलं की एवढ्याशा परड्यात दोन्ही सुखानं नांदतात. माझा या सगळ्यातला एकच आग्रह आहे आणि तो हाच आहे.

कोंबड्या पाच. तीन गावठी, दोन गिरिराज. गिरिराज ही जात बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली, अंगानं दांडगी, गावठीपेक्षा बरीच जास्त अंडी देणारी. गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, तीही तुकड्या-तुकड्यानं: दहा-पंधरा अंडी घातली की थांबते, खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, मग परत सुरू. नुसता अंड्यांचा हिशोब मांडला तर गावठी परवडत नाही असं वाटेल. पण पिल्लं बसवायची तर गावठीच हवी. सुधारित जातींमध्ये खुडूक बसायची ओढच कमी असते. शिवाय घार दिसल्यावर घशातून तो लांब आवाज काढून सगळ्यांना शेवग्याखाली पळवणारी आमची काबरीच असते. गिरिराज आपल्या चरत राहतात.

कोंबडा आम्ही ठेवलेला नाही. भिंतीला भिंत लागून घरं आहेत, पहाटे चारला शेजाऱ्यांची झोपमोड कशाला? अंडी द्यायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. लागतो तो फक्त पिल्लांसाठी.

खुराडं विटांच्या चौथऱ्यावर आहे, जमिनीपासून दीड फूट वर, खाली शहाबादी फरशी. मुंगूस उकरून आत शिरतं म्हणून फरशी. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली. बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवायला पुरते, पण कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवायला पुरत नाही. आत झोपायला बांबूच्या दोन दांड्या. पत्र्यावर उन्हाळ्यात उसाचं पाचट टाकतो, ते आमच्या भागात मागाल तेवढं मिळतं. खुराड्याला लागून जाळीनं बंदिस्त केलेलं छोटं अंगण आहे, दिवसाचा बराच वेळ कोंबड्या तिथे असतात.

आता खुराड्यातली जमीन. त्यावर भाताच्या तुसाची चार इंचांची गादी. आजऱ्याकडे घनसाळ भाताच्या गिरण्या आहेत, तिकडून येताना दोन पोती आणली की काही महिने बघायला नको. रोज झाडायची नसते ही गादी. दोन-तीन दिवसांनी हलवायची, विष्ठा खाली जाते, वर कोरडं येतं, मध्ये मध्ये नवं तूस टाकायचं. हलवायचं कामही कोंबड्यांकडूनच करून घेता येतं: मूठभर ज्वारी तुसावर विखरून टाकली, की अर्ध्या तासात सगळी गादी वरखाली होते. ओल झाली का हे बघायला मूठ दाबून बघावी. तूस मुठीत गोळा होऊन तसंच राहिलं तर ओल आहे. उघडल्यावर विस्कटलं तर ठीक. डोळ्यांना झोंबणारा वास आला तर उशीरच झाला समजायचं. पावसाळ्यात आम्ही तुसात थोडा विरलेला चुना मिसळतो, आणि पाण्याचं भांडं विटेवर उंच ठेवतो, कारण निम्मी ओल सांडलेल्या पाण्याची असते. लहान पिल्लांना रक्ती हगवण लागते ती याच ओलीतून.

वर्षातून दोनदा ही गादी निघते. ती तशीच वाफ्यात टाकायची नाही, हे मी कितीदा सांगितलं तरी कमीच. कोंबडीखत फार कडक. ताजं टाकलं तर मिरचीच्या पानांच्या कडा करपतात, कोवळी रोपं बसतात. आम्ही ते शेवग्याच्या आणि शेजारच्या आंब्याच्या वाळक्या पाल्यात थर देऊन कोपऱ्यात रचतो, पाणी शिंपडून झाकतो आणि तीन महिने विसरून जातो. तीन महिन्यांनी हातात घेतलं की काळं, मोकळं, पहिल्या पावसाच्या मातीचा वास. आमच्या कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी आणि त्यांच्या प्रयोग परिवारानं घराभोवतीच्या पालापाचोळ्यातून माती तयार करायचं वेड कितीतरी लोकांना लावलं. आमच्या गल्लीत त्या पिढीतली एक-दोन माणसं अजून आहेत, रस्त्यावर कुणी पाचोळा पेटवलेला दिसला की ती अजूनही चिडतात. मीही आता चिडते.

रोजचा क्रम असा. सकाळी कोंबड्या जाळीच्या अंगणात. कणी, भरडलेला मका, थोडी ज्वारी, भाताचा कोंडा. आठवड्यातून दोन-तीनदा सुकटीचा चुरा. स्वयंपाकघरातली मेथीची देठं, कोबीची बाहेरची पानं, भोपळ्याच्या बिया जातात; खारट, तेलकट किंवा बुरशी आलेलं काहीही नाही. शेवग्याखालच्या सावलीत एका जुन्या टबात अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, वाढवलाय, रोज ओंजळभर काढून धुऊन टाकते, तो आधी संपतो. अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून, हातानं बारीक चुरून एका वाटीत वेगळी ठेवलेली असतात, आणि खाद्याच्या दुकानातून आणलेला शिंपल्यांचा चुराही. जिला गरज असते ती बरोबर जाऊन खाते. न अंडी देणारी तिकडे फिरकत नाही.

दुपारपर्यंत अंडी घालून झालेली असतात. मोकळं सोडायचं ते सूर्य मावळायच्या तासभर आधी. या वेळेला कारणं आहेत. अंडी घालून झाल्यामुळे कोंबडी अळवात कुठेतरी लपून अंडं घालत नाही. ऊन उतरल्यावर किडे पानांवर येतात. वेळ कमी असल्यामुळे नासधूस कमी. आणि परत आणायला कुणाच्या मागे धावावं लागत नाही, अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे झांजड पडायला लागली की एकेक करून आपणहून दांडीवर चढतात. आपण फक्त मोजायच्या आणि कडी लावायची. कडी मात्र लावायचीच, मुंगूस दिवसा येतं आणि मांजर रात्री.

योगायोग असा, की दोडक्याची आणि दुधीची फुलंही याच वेळेला उमलतात. घोसाळी सकाळी फुलते, दोडका संध्याकाळी. आमच्याकडे संध्याकाळी मधमाश्या फारशा नसतात, म्हणून मी नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, मादी फुलाच्या मधोमध हलकंच टेकवते. मादी फूल ओळखायला सोपं, देठाशी इवलासा दोडका आधीच असतो. एकीकडे हे काम, एकीकडे पायाशी कोंबड्यांवर लक्ष. दिवसातला मला सगळ्यात आवडणारा तास हा.

वाफे चार, तीन-तीन फूट रुंदीचे, मध्ये पाय ठेवण्यापुरत्या विटा. एकाच वेळी तीन भाजीकडे, एक कोंबड्यांकडे. कोथिंबीर फुलावर आली, लाल माठ जून झाला, की तो वाफा कोंबड्यांचा. तीन बाजूंनी दोन फुटी जाळी उभी करायची आणि अंगणाच्या दारापासून त्या वाफ्यापर्यंत वाट ठेवायची. पंधरवडाभरात तण, तणाचं बी, अळ्या, कोष, मुंग्यांची अंडी, सगळं साफ. माती इतकी मोकळी होते की खुरपं नावालाच लागतं. मग वाफ्यावर पाला पसरून तो तसाच ठेवायचा, दोन-तीन आठवडे. आणि त्यानंतर तिथे पहिलं पीक कोथिंबीर किंवा पुदिना नाही. कच्च्या खायच्या पालेभाज्या ताज्या विष्ठेच्या जागी नकोतच. आधी वांगी, दोडका, घेवडा, म्हणजे जमिनीपासून वर लागणारं आणि शिजवून खायचं काहीतरी. पालेभाजीची पाळी त्याच्या पुढची.

फळभाज्यांवरच्या फळमाशीचाही बंदोबस्त याच चक्रात होतो. माशीनं डंख मारलेलं कारलं वाकडं होतं, पिवळं पडून गळतं, आतल्या अळ्या मातीत उतरून कोष करतात. गळलेलं फळ त्याच दिवशी कोंबड्यांपुढे टाकलं आणि हंगाम संपल्यावर वेलाखालची माती त्यांच्याकडून उकरून घेतली, तर पुढच्या वेळी माशी कमी दिसते. क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचा, सापळाही मी टांगते, नुसत्या कोंबड्यांवर भिस्त ठेवत नाही.

पण या सगळ्यात बघण्यासारखं काय असेल, तर ते हुमणीचे दिवस. आमचा भाग उसाचा, त्यामुळे हुमणी, म्हणजे भुंग्याची जमिनीतली अळी, काय करते हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पावसाळाभर जमिनीत मुळं कुरतडते, ऊस उभ्या उभ्या वाळतो, हातानं ओढला की उपटून येतो. तिचे भुंगे वळवाचा चांगला पाऊस पडला की संध्याकाळी मातीतून वर निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर पाला खायला आणि जोडी जमवायला गोळा होतात. वर्षातून एकच पिढी, म्हणून या काही संध्याकाळी हातच्या जाऊ द्यायच्या नाहीत. आमच्या मागच्या बोळात कडुनिंब आहे. दिवेलागण झाली की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, खाली जुनं धोतर अंथरतात, मी काठीनं फांदी हलवते आणि टपटप भुंगे पडतात. तपकिरी, बोटाच्या पेराएवढे, पायांना काटे. शेतात प्रकाशसापळ्याच्या पाण्यात रॉकेल टाकतात, आम्हाला ते चालत नाही. आम्ही साध्या पाण्याच्या बादलीत भुंगे टाकतो आणि वर पोतं. सकाळी ती बादली अंगणात पालथी केली, की कोंबड्यांचं जे चालतं ते बघावं. काबरी एक भुंगा चोचीत धरून पळणार, बाकीच्या चार तिच्या मागे, जमिनीवर बाकीचे ढीगभर पडलेले असताना. तांबडी मात्र शहाणी, ती ढिगाशीच उभी राहते. त्या दिवसांत अंड्याचा बलक गडद केशरी होतो असं आत्यांचं म्हणणं. मला तो रंग पावसाळ्यातल्या हिरव्या पाल्याचाही वाटतो. एक काळजी घ्यायची: ज्या झाडावर कुणी औषध फवारलंय तिथले भुंगे घ्यायचे नाहीत. विचारून घ्यावं, लाजू नये.

रोपांसाठी आमच्याकडे एक सोपी युक्ती आहे, तीही आत्यांची. घरात बांबूची जुनी डालगी होती, कोंबड्या झाकायची. खुराडं झाल्यावर ती माळ्यावर पडून राहिली असती. आत्या म्हणाल्या, "कोंबडी कशाला झाकायची? झाड झाक की." तेव्हापासून डालगी रोपांवर. मिरचीची पुनर्लागण केली की प्रत्येक आळ्यावर एक डालगं. ऊन चाळून आत जातं, पाणी वरून देता येतं, कोंबडी भोवती फिरून निघून जाते. रोप वीतभर वर आलं आणि बुंधा पक्का झाला की डालगं पुढच्या रोपाला. बुंध्याभोवती चार खापराचे तुकडे मांडले की मूळही उकरलं जात नाही.

खुडूक कोंबडीबद्दल थोडं. कोंबडी घरट्यात चिकटून बसते, पिसं फुगवते, हात घातला की गुरगुरते, अंडी बंद. पुष्कळ जण तिला पाण्यात बुडवतात, कुणी नाकात पीस घालतात. माझ्याही मनात एकदा पाण्याचं आलं होतं, तर आत्या म्हणाल्या, "आगं, बुडवू नगंस तिला. बसाय हवंय तर बसू दे की. अंडी आणू आजऱ्यासनं." आजऱ्याला त्यांचं माहेर, तिथे कोंबडे मुबलक. अंडी आठवड्याच्या आतली, स्वच्छ, मध्यम आकाराची, कोंड्यानं भरलेल्या डब्यात निमुळतं टोक खाली करून एसटीतून मांडीवर आणायची. एक दिवस तशीच ठेवायची आणि रात्री, अंधार झाल्यावर, कोंबडीखाली सारायची. गावठीखाली दहा-अकरा पुरे. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. सातव्या दिवशी रात्री खोलीतला दिवा घालवून मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरायचं. जीव धरला असेल तर मधोमध लाल कोळी बसल्यासारखा ठिपका आणि त्याचे पाय पसरावेत तशा शिरा. नुसता पिवळा उजेड दिसला तर ते अंडं काढून टाकायचं. पहिल्यांदा त्या शिरा दिसल्या तेव्हा माझा मुलगा कितीतरी वेळ दुसरं अंडं उचलायलाच तयार नव्हता. एकविसाव्या दिवशी पिल्लं. फोडायला मदत करायची नाही, कितीही वाटलं तरी.

पिल्लांचं पहिलं काम म्हणजे मानमोडीची लस. पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात, दोन महिन्यांच्या सुमाराला आर-टू-बीचं इंजेक्शन. मानमोडी आली की मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं; उपाय नाही, लसच. अडचण एवढीच, की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. म्हणून आम्ही गल्लीतली कोंबड्यांची चार-पाच घरं मिळून एकच दिवस ठरवतो. बर्फाच्या डब्यात कुपी, एका घरून दुसऱ्या घरी. माझ्या मते घरगुती कोंबडीपालनातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि लोक नेमकं तेच टाळतात. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आला, तेव्हा मोठ्या पोल्ट्रींबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. त्या रोगाला आपण घरी फार काही करू शकत नाही. बाजारातून आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवणं, खुराड्यात जायची चप्पल निराळी ठेवणं आणि एकदम मर झाली तर लपवून न ठेवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणं, एवढं मात्र करू शकतो.

म्हाताऱ्या कोंबडीचं काय, हे लोक जरा आवाज खाली आणून विचारतात. आमच्या घरात कोंबडी खाल्ली जाते, रविवारी रस्सा होतो. जादा झालेली नर पिल्लं मोठी झाली की आजऱ्याला जातात किंवा घरात शिजतात, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी अंडी कमी झालेली कोंबडी मी ठेवते. ती वाफा तितकाच उकरते, किडे तितकेच वेचते, खत तितकंच देते, आणि खुडूक बसायला तिच्याइतकी पक्की कुणी नसते. परड्याच्या हिशोबात तिचं अंडं हे एकच उत्पन्न नाही. काबरी आता तशीच आहे.

कुणाला सुरुवात करायची असेल तर दिवाळी झाल्यावर करा. पावसाळ्यात नको, ओल आणि रोग दोन्ही असतात. एकदम पिल्लं आणण्यापेक्षा लसी झालेल्या, तीन-चार महिन्यांच्या तीन तलंगा, म्हणजे अजून अंडी सुरू न झालेल्या कोंबड्या, घ्या. तीनच. एवढ्या जागेत तीन कोंबड्यांची घाण माती पचवते, दहांची पचवत नाही. पहिले आठ दिवस त्यांना खुराड्यातून आणि जाळीच्या अंगणातून बाहेर सोडू नका, म्हणजे झोपायची जागा कुठली हे त्यांच्या अंगवळणी पडतं. संक्रांत ते शिमगा या दरम्यान कधीतरी तलंगेचा तुरा लालभडक होईल, ती कोपरे हुंगत हिंडायला लागेल. त्याच्या आधीच अंधाऱ्या बाजूला एका पाटीत वाळलेलं गवत घालून त्यात अंड्याएवढा गुळगुळीत पांढरा दगड ठेवून द्या. अंडं घालायची जागा ती तिथेच धरेल.